निवृत्तीला चौदा महिने: फ्लॅटच्या खोलीत सुतारकाम, आतापासून काय करून ठेवू?

संथरंधा

पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. एक खोली मोकळी होणार आहे, १० × ९ फूट. उत्तरेला खिडकी, लागून ४ फुटी बाल्कनी. खोलीत ६ अँपिअरचे दोन पॉइंट, बाकी काही नाही. निवृत्तीला चौदा महिने आहेत, तोवर रविवारचे दोन-तीन तास मिळतील, नंतर रोज सकाळ.

करायचं आहे ते असं: पाट, पोळपाट, पुस्तकांचं मांडण, लहान मुलांसाठी चाकाची खेळणी. सगळं भरीव लाकडात, प्लायची कपाटं नकोत. हाताशी एक ड्रिल मशीन, एक जुना लाकडी रंधा आणि धार गेलेल्या दोन पटाश्या आहेत.

विचारायचं हे:
१. या चौदा महिन्यांत आधी काय घ्यावं?
२. टेबल सॉ (टेबलातून वर आलेलं गोल फिरतं पातं) घेऊ का? बहुतेक व्हिडिओंत तोच मध्यभागी दिसतो.
३. लाकूड कोणतं आणि कुठलं?
४. खालच्या मजल्यावर माणसं राहतात. आवाज आणि धुळीचं काय?

---

गाभा

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चौदा महिन्यांचा खरा उपयोग तिथेच आहे. हत्यारं निवृत्तीच्या आदल्या दिवशी घेतली तरी चालतात. लाकडाचं तसं नाही, ते आज घ्या.

वखारीतलं लाकूड "सुकलेलं आहे" असं सांगून विकतात, पण आत ओल असतेच. उघड्यावर सुकवायचा ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष. म्हणजे आज घेतलेली सव्वा इंची फळी तुमच्या निवृत्तीला जवळपास तयार होईल.

रचायची कशी, ते महत्त्वाचं. जमिनीपासून चार इंच वर. दर दोन थरांच्या मध्ये पाऊण इंची पट्ट्या, दीड ते दोन फुटांवर एक. सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकावर एक, ओळंब्यात. पट्टी इकडेतिकडे सरकली की फळी तिथेच वाकते आणि मग ते वाकणं रंध्याने काढताना निम्मी जाडी जाते. वर वजन ठेवा. फळीच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट जाड फासा. तोंडाकडून पाणी कितीतरी वेगाने उडतं, म्हणून चिरा तिथून सुरू होतात.

ओल मोजायला मीटर मिळतो, पण फुकटचा उपायही आहे. एक छोटी फळी बाजूला काढा, दर महिन्याच्या एक तारखेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहा. तीन महिने आकडा हलला नाही की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. फक्त हे तीन महिने पावसाळ्यातले धरू नका. पुण्यातला एप्रिल आणि पुण्यातला ऑगस्ट या लाकडाच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा आहेत.

कोणतं: मांडणाला आणि पाटाला सागवान. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सीपी साग मागा, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, बल्लारशा-आलापल्लीचा. आयात केलेला लागवडीचा साग स्वस्त पडतो, पण त्यात कडेचा पांढरा भाग जास्त असतो आणि भुंगा तोच खातो. खेळण्यांना शिवण उत्तम: हलकं, कमी हलणारं, पटाशीखाली लोण्यासारखं. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची, तेही याच कारणाने. आंबा स्वस्त आहे, पण ओला राहिला की निळसर डाग आणि भुंगा दोन्ही लागतात. सरावाला पॅकिंग खोक्यांचं पाइन घ्या. त्यावरचा शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडा.

हिशेब घनफुटात होतो. जाडी इंच × रुंदी इंच × लांबी फूट ÷ १४४. दीड इंच जाड, ६ इंच रुंद, ७ फूट लांब फळी म्हणजे ६३ ÷ १४४, ०.४४ घनफूट. तयार वस्तूला जेवढं लागतं त्याच्या दीडपट घ्या. तुकडे, गाठी आणि रंध्याची भूस यात तेवढं जातंच. पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा.

पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळाला तर सोडू नका. पन्नास-साठ वर्षं सुकलेला असतो. पण प्रत्येक वाशावरून आधी चुंबक फिरवा. मोडलेला खिळा वरून दिसत नाही आणि रंध्याच्या पात्याला बरोबर सापडतो. खाचांत चुना भरलेला असतो, तोही धार खातो. तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय रंध्याखाली घालू नका.

---

पाजळणारा

गाभा यांना अनुमोदन, पण लाकूड सुकेपर्यंत रविवारी करायचं काय? धार लावायला शिका. नवीन काही विकत घेऊ नका, त्या दोन बोथट पटाश्या पुरेत. सुतारकाम सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात, दोष मात्र लाकडाला देतात.

सामान: ८ ते १० मिमी जाड काचेचा फूटभर तुकडा (काचवाल्याकडून कडा घासून घ्या), पाण्यात चालणारा पॉलिश पेपर २२०, ४००, ८००, १५०० आणि २०००, आणि चाकावर चालणारं साधं होनिंग गाइड (पटाशी ठरल्या कोनात धरणारी पकड). सहाणी नंतर घ्या.

आधी पाठ. पटाशीचा सपाट भाग धारेपासून इंचभर तरी आरशासारखा सपाट हवा. पेपर ओल्या काचेवर चिकटवा आणि पाठ पूर्ण टेकवून २२० वर घासा. मधे काळा पट्टा राहिला तर तिथे खड्डा आहे, तो जाईपर्यंत पुढच्या पेपरवर जाऊ नका. जुन्या पटाशीला याला तासभर लागतो आणि तो आयुष्यात एकदाच द्यायचा असतो.

मग उतार. गाइडमध्ये पटाशी ४० मिमी बाहेर ठेवली की २५ अंश मिळतात, ३० मिमी ठेवली की ३०. (रंध्याच्या पात्याला हेच आकडे ५० आणि ३८.) २५ अंशांवर २२० ने सगळा उतार एकसारखा करा, ४०० आणि ८०० ने साफ करा. मग ३० वर आणून १५०० आणि २००० वर फक्त टोकाचा मिलिमीटरभर पट्टा चमकवा. पाठीकडून बोट हलकेच धारेबाहेर ओढलं की तुसासारखं काहीतरी लागतं, ती बर. धारेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ती लागलीच पाहिजे. मधे तुटक लागली तर धार तिथे पोचलेलीच नाही. शेवटी पाठ २००० वर सपाट टेकवून चार-पाच हात मारा, बर जाते. पाठ किंचितही उचलायची नाही, उचलली तर तासाभराची मेहनत गेली.

परीक्षा दाढीच्या केसांवर नको. पाइनच्या तुकड्याच्या तोंडावर, म्हणजे रेषांच्या आडव्या कापावर, पटाशी ढकला. चकचकीत पापुद्रा निघाला तर धार आहे. भुसा निघाला आणि लाकूड चुरडलं तर नाही.

यात बिघडतं काय? ग्राइंडरवर घाईने घासलं की टोक निळं पडतं. तिथलं पाणी उतरलं, ते पोलाद आता मऊ, निळा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. म्हणून ग्राइंडर वापरलाच तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा.

जुन्या लाकडी रंध्याचं पातंही असंच. पात्यावरची टोपी (वर बसणारी लोखंडी पट्टी) धारेपासून एक मिलिमीटरच्या आत ठेवा. लांब राहिली की उलट्या रेषेत लाकडाची कुसळं उपटली जातात.

हत्यारांत एवढंच वाढवा: ६, १२, १८ आणि २५ मिमीच्या पटाश्या, एक ५ नंबरचा लोखंडी रंधा, बारीक दातांची टेनन करवत, खात्रीचा गुण्या (काटकोन), मोगरी (लाकडी हातोडा), चार क्लॅम्प. जुन्या बाजारात बुधवार-रविवार जुने रंधे मिळतात. तळ तडकलेला नाही आणि पात्यात निदान दीड इंच पोलाद शिल्लक आहे, एवढं बघून घ्या. गंज जातो, तडा जात नाही. गुण्या घेताना दुकानातच तपासा: प्लायच्या सरळ कडेवर टेकवून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. दोन रेघा फाकल्या तर गुण्या परत करा.

---

फिरतंपातं

टेबल सॉबद्दल. यंत्रांच्या विरोधात अजिबात नाही, पण तुमच्या खोलीत नको. सहा फुटी फळी चिरायला पात्याच्या आधी सहा फूट आणि नंतर सहा फूट मोकळे लागतात. खोली दहा फुटांची आहे. पुढे जागा नाही म्हणून माणूस फळी मधेच तिरकी करतो, फळी पात्यात अडकते आणि मागे फेकली जाते. ती पोटात बसते.

लांब चिराई आणि जाडी वखारीशेजारच्या मिलमध्येच करून घ्या. फूटावर पैसे घेतात, अर्ध्या तासात काम होतं. मात्र हव्या त्या मापापेक्षा ३ मिमी जास्त ठेवायला सांगा. घरी आणल्यावर लाकूड पुन्हा थोडं हलतं, ते घालवायला ही तीन मिलिमीटर लागतात.

यंत्र घ्यायचंच तर पहिलं बेंच ड्रिल (बाकावर उभं बसवलेलं). खेळण्यांच्या आसाला सरळ भोक हातातल्या ड्रिलने पडत नाही, आस तिरका झाला की गाडी गोल गोल फिरते. दुसरी छोटी बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत), ९-१० इंची. वळणं कापता येतात, आवाज कमी, आणि पातं वरून खाली जात असल्याने लाकूड तुमच्याकडे फेकलं जात नाही.

अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून काम करणारे व्हिडिओ बघितले असतील. ते विसरा. ग्राइंडर लाकडासाठी बनलेला नाही, वेग फार, पकड एका हातात, पातं अडकलं की यंत्र हातातून सुटतं. यात मतभेदाला जागा नाही.

वीज: २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. व्हॅक्यूम आणि यंत्र एकत्र चाललं की हा पॉइंट संपला. मीटरबोर्डापासून वेगळी ४ चौ.मिमी तांब्याची लाइन, १६ अँपिअरची दोन सॉकेट, सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे जास्त भाराला आपोआप पडणारा स्विच (मोटर सुरू होतानाच्या झटक्याला बी प्रकारचा पडतो), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा. हे रंग लावायच्या आधी करून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते.

---

बाकडं

आवाजाचं खरं कारण यंत्र नसून मोगरी असते. बाकाचे पाय जमिनीवर आणि जमीन म्हणजे खालच्यांचं छत. पायांखाली १२ मिमी रबर घाला. भोकं पाडताना काम बाकाच्या मधे न ठेवता पायाच्या बरोबर वर ठेवा, ठोका लाकडात जातो, बाक ढोलासारखा वाजत नाही. कुसवाचं (जोडात दुसरं लाकूड घुसवायचं) भोक आधी ड्रिलने पोखरा आणि उरलेलं पटाशीने हाताने ढकलून साफ करा, मोगरी जवळजवळ लागतच नाही. दुपारी दोन ते चार मात्र काहीच नको. हा पुण्याचा कायदा आहे, कुठे लिहिलेला नसला तरी.

बाक: ५ फूट × २२ इंच. माथा १९ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांवर चिकटवून. उंची हात सरळ सोडल्यावर मुठीच्या गाठी जिथे येतील तेवढी, बहुतेकांना २८-३० इंच. रंधा वरून दाबून मारायचा असतो, ओट्याच्या उंचीवर खांदे भरून येतात. लाकूडकामाचा ७ इंची शेगडा (काम पकडायचा वाइस) डाव्या कोपऱ्यात (डावखुरे असाल तर उजव्या), जबड्यांना आतून लाकडाच्या पट्ट्या. खाली फळी टाकून तिच्यावर जड सामान ठेवा. हलका बाक रंध्याबरोबर खोलीभर चालतो.

वजनाचा हिशेबही करा, कारण गाभा यांनी लाकूड घ्यायला सांगितलंय. राहत्या खोल्यांची स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरून आखतात, बाल्कनी ३०० धरून. साग घनफुटाला १८ किलोच्या आसपास. २० घनफूट म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर. ते एका कोपऱ्यात उभं न रचता भिंतीलगत लांब पसरा. बाल्कनीला भार चालला तरी लाकडाला बाल्कनी चालत नाही, ऊन आणि झड दोन्ही लागतात. ती जागा वाळत घालायच्या कपड्यांकडेच राहू द्या, घरात शांतता राहते.

धूळ: रंध्याची भूस झाडूने जाते, त्रास सँडरच्या (पॉलिश पेपरने घासणाऱ्या यंत्राच्या) पिठाचा. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्यांत, घातली आहे, तेव्हा सँडरला व्हॅक्यूम आणि तोंडाला एन९५, रुमाल नव्हे.

---

संथरंधा

टेबल सॉ रद्द. वायरमनला उद्याच बोलावतो.

दोन गोष्टी. माळ्यावर तीन सागाच्या फळ्या सापडल्या. कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत, फळी आपटली की मैद्यासारखी पूड पडते. वाचतील का? आणि पोळपाटाला पॉलिश काय?

---

चपडा

पूड पडते म्हणजे भुंगा, वाळवी नव्हे. भोकं फक्त पांढऱ्या भागात असतील, तपासा. तो भाग पुरता कापून काढा आणि घरात ठेवू नका. उरलेल्या आतल्या गडद लाकडावर: १ लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड, ब्रशने तीन हात, ओलं राहील असे, मग आठवडाभर सावलीत. कोऱ्या लाकडावरच शोषलं जातं, पॉलिश असेल तर आधी खरवडा. पाण्याने धुऊन निघतं, म्हणून वर पॉलिश हवंच. बाटलीवर "विष" लिहा. या फळ्या मांडणाला वापरा, पोळपाटाला अजिबात नाही.

पोळपाट-लाटण्याला केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन आयपी. कोमट करून सढळ लावा, रात्रभर ठेवा, पुसा, तीन दिवस असंच करा. गोडं तेल किंवा खोबरेल नको, काही आठवड्यांत खवट वास येतो. जास्त टिकायला हवं तर एक भाग मधमाशीचं मेण आणि चार भाग पॅराफिन, वजनाने, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून. थेट आचेवर नाही.

पाट आणि मांडणाला लाखेचं पॉलिश. १०० मिली स्पिरिटला १५ ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे), रात्रभर विरघळू द्या, मलमलीतून गाळा. पातळ हात, दोन हातांमध्ये अर्धा-पाऊण तास. पावसाळी हवेत लावलं तर पांढरट धूसर पडतं, कारण स्पिरिट उडताना गार झालेल्या थरावर दव धरतं. जून ते सप्टेंबर थांबा. कालवलेलं पॉलिश सहा महिन्यांपलीकडे ठेवू नका. काचेवर थेंब टाकून बघा, सकाळी नख रुतलं तर ओता. गरम पातेलं मात्र लाखेवर ठेवायचं नाही, गोल डाग पडतो.

पेंटरचं बेलतेल (जवसाचं सुकणारं तेल) वापरणार असाल तर एकच सूचना, पण ती पाळाच. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं, चुरगळलेल्या कापडात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. बोळा दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. शिवाय त्यात सुकवणारी धातूची द्रव्यं असतात, म्हणून पोळपाटाला तेही वर्ज्य.

---

गाभा

खेळण्यांचं राहिलं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत मावणारा कुठलाही सुटा भाग नको, तपासणीची नळी तेवढीच असते. चाकं ४५-५० मिमीची करा. आस चिकटवा, चाक त्यावर सैल.

---

पाजळणारा

आणि एक बारीकसं. साठीच्या आसपास जवळचा चष्मा फूटभरावर स्पष्ट दिसेल असा असतो. बाकावरचं काम दोन फुटांवर असतं. त्या अंतराचा वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या, प्रोग्रेसिव्हमधून (एकाच काचेत सगळे नंबर असलेल्या चष्म्यातून) सरळ रेघ वाकडी दिसते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कापलं की रक्त लवकर थांबत नाही, दाबपट्टी बाकाच्या खणात ठेवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला की असं काम सुरू करताय. ड्रिलजवळ हातमोजे घालू नका, गुंडाळले जातात.

---

संथरंधा

आभार. पहिला पाट पाइनचा करून बघतो: १२ इंच रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवल्या की झालं ना?

---

गाभा

नाही, पाट फुटतो तो इथेच. फळी रुंदीत फुगते आणि आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. १२ इंची सागाची फळी कडक उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत तीन मिलिमीटर हलू शकते, पाइन त्याहून थोडं जास्तच. आडवी पट्टी स्वतःच्या लांबीत हलत नाही. दोघांना पूर्ण चिकटवलं की फळीला आक्रसायला जागा उरत नाही आणि मेमध्ये ती मधोमध चिरते.

प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू. मधला गोल भोकात, घट्ट. हवा तर त्याच्याभोवती इंचभर फेव्हिकॉल, तेवढाच. कडेच्या दोघांसाठी पट्टीत लांबट भोक, फळीच्या रुंदीच्या दिशेने ८-९ मिमी: ४ मिमीची दोन भोकं शेजारी पाडून मधला पडदा पटाशीने काढा. खाली वॉशर, स्क्रू बेताने आवळलेला.

---

संथरंधा

लांबट भोक पट्टीत, फळीत नाही. बरोबर?

---

गाभा

बरोबर. फळीत फक्त अडीच मिमीचं पायलट (स्क्रूला वाट करून देणारं) भोक. स्क्रूची लांबी पट्टीची जाडी अधिक फळीच्या जाडीचा दोन तृतीयांश. पाऊण इंची पट्टी, एक इंची फळी, तर ३५ मिमीचा स्क्रू. ४५ चा घेतलात तर टोक वर येईल, बसणाऱ्याला कळेल.